कांद्याचे बी : घरचे आणि गावचे

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



या मेळाव्यात दोन शब्द बोलावेत अशी आज्ञा कार्यवाहांनी मला केली, तेव्हा विषय निवडण्याची मोकळीकही त्यांनी मोठ्या मनाने दिली. मी आयुष्यभर मुलांना शिकवीत आलो, तेव्हा शिक्षण, शिस्त किंवा संस्कार यांपैकी एखादा विषय मी घेईन, अशी त्यांची अपेक्षा असावी. परंतु त्या विषयांवर माझ्याहून अधिकाराने बोलणारे वक्ते आज येथे उपस्थित आहेत. म्हणून मी असा विषय घेतला आहे की, ज्यावर सभेत सहसा कोणी बोलत नाही. पण ज्यावाचून आपल्यापैकी निम्म्या घरांची चूल पेटत नाही. तो विषय म्हणजे कांद्याचे बी, ज्याला आपल्याकडे उळे म्हणतात.

माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. कृषिविद्येची पदवी माझ्यापाशी नाही. तथापि शाळा सुटल्यावर आणि सुटीच्या दिवसांत घरची शेती मी स्वतः केली आहे, आणि निवृत्तीनंतर तर तोच माझा दिनक्रम झाला आहे. जे वाचले ते शेतात पडताळून पाहावे आणि जे शेतात दिसले त्याचे कारण पुस्तकात शोधावे, एवढी एक शिक्षकी खोड मला आहे. तिच्या आधारावरच मी आज बोलत आहे.

आपल्या नाशिक-अहिल्यानगरच्या पट्ट्यात चार माणसे एकत्र जमली की लासलगावचा भाव निघतो. भाव चढला की का चढला, आणि पडला की कोणी पाडला, याची चर्चा रात्र रात्र चालते. भाव हा विषय महत्त्वाचा आहे, याबद्दल वाद नाही; पण तो आपल्या हाती नाही. बी मात्र आपल्या हाती आहे. निदान आपल्या आजोबांच्या काळापर्यंत तरी होते. घरातील वृद्ध स्त्रिया कांद्याचे बी राखेत घोळून मातीच्या गाडग्यात भरून ठेवीत आणि तोंडाला फडके बांधून ते उतरंडीला लावीत, हे माझ्या वयाच्या पुष्कळांनी पाहिलेले असेल. आज तेच बी आपण पुडीत विकत आणतो. विकत घेण्यात वाईट काही नाही. परंतु जी वस्तू आपण स्वतः निर्माण करू शकतो तिची पारखसुद्धा जेव्हा आपल्याला उरत नाही, तेव्हा तो तोटा केवळ पैशाचा राहत नाही.

प्रथम थोडे गणित करू. कांद्याचे बी फार हलके असते. एका ग्रॅममध्ये अडीचशे ते तीनशे दाणे बसतात. म्हणजे एका किलोत अडीच ते तीन लाख दाणे झाले. आता एका एकरात रोपे किती लागतात ते पाहा. पंधरा सेंटिमीटर बाय दहा सेंटिमीटर अंतरावर लावणी केली, तर एकरी सुमारे पावणेतीन लाख रोपे बसतात. याचा अर्थ असा की, प्रत्येक दाणा उगवला आणि प्रत्येक रोप जगले, तर एकरास एक किलो बी पुरावे. प्रत्यक्षात आपण तीन ते चार किलो उळे टाकतो. उरलेले दोन-तीन किलो कोठे जातात? काही बी मुळातच मेलेले असते, काही रोपे वाफ्यात मर रोगाने बसतात, काही उपटताना तुटतात. बी जितके जुने आणि निकृष्ट, तितकी ही गळती मोठी. एवंच, बियाच्या गुणावर आपला खर्च ठरतो, आणि खर्चाहून अधिक म्हणजे आपला हंगाम ठरतो. कारण रोप फसले तर पैसा पुन्हा उभा करता येईल, गेलेली तिथी पुन्हा आणता येत नाही.

आता कांद्याचा स्वभाव पाहू. ज्वारी-बाजरीप्रमाणे एका हंगामात पेरले, कणीस आले, बी झाले, असा कांदा सरळ चालत नाही. त्याचे आयुष्य दोन टप्प्यांचे आहे. पहिल्या टप्प्यात तो बियापासून पात आणि पातीपासून कांदा करतो. हा कांदा म्हणजे त्याची शिदोरी होय. दुसऱ्या टप्प्यात तीच शिदोरी मोडून तो दांडा वर काढतो, दांड्याच्या टोकास गोंडा येतो आणि गोंड्यात बी धरते. या दुसऱ्या टप्प्यासाठी त्याला थंडी लागते. कडाक्याची नव्हे, पण सलग काही आठवडे टिकणारी, दहा ते पंधरा अंशांच्या आसपासची. म्हणूनच बियासाठी कांद्याची लावण आपण दिवाळीच्या सुमारास, ऑक्टोबरच्या उत्तरार्धापासून नोव्हेंबरअखेरपर्यंत करतो. डिसेंबर-जानेवारीची थंडी त्याला मिळते, दांडे निघतात, आणि पुढे उन्हाचा ताव वाढू लागला की बी पक्व होते. थंडीत फूल आणि उन्हात बी, अशी ही निसर्गाने घालून दिलेली वाटणी आहे. नाशिक, अहिल्यानगर, जालना, बुलढाणा या भागांत बीजोत्पादन रुजले, त्याचे एक कारण हे हवामान होय.

बियासाठी लावावयाच्या कांद्यास आपण गोट म्हणतो आणि त्या पिकास डोंगळे म्हणतो. गोट निवडणे ही या विद्येतील पहिली आणि सर्वांत मोठी पायरी आहे. येथे खरीप आणि रब्बी यांतील भेद ध्यानात घेतला पाहिजे. खरिपाचा पोळ कांदा नोव्हेंबरच्या सुमारास निघतो. त्यातील निवडक गोट थोडी विश्रांती देऊन त्याच हिवाळ्यात लावता येतात आणि वर्षाच्या आतच बी हाती येते. उन्हाळ कांद्याचे तसे नाही. तो एप्रिल-मेमध्ये निघतो, चाळीत पाच-सहा महिने राहतो, आणि मग दिवाळीला लावला जातो. या पाच-सहा महिन्यांना पुष्कळ लोक केवळ खोळंबा समजतात. माझ्या मते तीच खरी परीक्षा होय. चाळीत भरलेल्या कांद्यांपैकी काही सडतात, काहींना कोंब फुटतात, काही वाळून कोळ होतात. ज्येष्ठापासून आश्विनापर्यंतचा उकाडा आणि पावसाळी दमट हवा सोसून जो टणक राहिला, त्याच्याच वंशात टिकण्याचा गुण आहे. अशा कांद्याचे बी धरले म्हणजे टिकाऊपणा पुढील पिढीत उतरतो. ही परीक्षा कोणी शिक्षक घेत नाही, म्हणून तीत वशिलाही चालत नाही.

परीक्षेत उत्तीर्ण झालेल्या कांद्यांतूनही पुन्हा निवड करावयाची असते. वजनाने साठ ते सत्तर ग्रॅमचा, मध्यम आकाराचा, जातीच्या मूळ रंगाचा, बारीक मानेचा आणि एका डोळ्याचा कांदा घ्यावा. जोडकांदा, जाड मानेचा कांदा, रंग फिकट पडलेला कांदा बाजूस सारावा. लावण्यापूर्वी कांद्याचा वरचा सुमारे एक तृतीयांश भाग आडवा कापतात. त्यामुळे कोंब लवकर व सारखे निघतात. आणि आत एकच डोळा आहे की दोन-तीन, हेही दिसून येते. कापलेले गोट बुरशीनाशकाच्या द्रावणात बुडवून मगच लावावेत, नाहीतर कापलेल्या तोंडातून कूज शिरते.

येथे एक गोष्ट मला आवर्जून सांगावयाची आहे. पुष्कळ शेतांत कांद्याचे पीक चालू असतानाच काही झाडांना अवेळी दांडे येतात. त्यांना आपण डेंगळे म्हणतो. असा कांदा बाजारात कवडीमोल ठरतो, म्हणून कोणी कोणी विचार करतात की, कांदा तर गेलाच, निदान त्याचे बी तरी धरू. हा हिशेब वरवर शहाणपणाचा दिसतो. परंतु त्याचा परिणाम उलटा होतो. जो कांदा पोसण्यापूर्वीच दांडा काढतो, त्याचे बी पेरणे म्हणजे डेंगळे येण्याचा अवगुण जाणूनबुजून पेरणे होय. दोन-तीन पिढ्या असे बी वापरले की शेतात कांदे कमी आणि दांडे जास्त, अशी अवस्था होते. आमच्या शेजारच्या गावातील एका गृहस्थांनी काही वर्षांपूर्वी एका फिरत्या विक्रेत्याकडून स्वस्त म्हणून असेच बी घेतले. एप्रिलमध्ये त्यांच्या शेतातील तिसरा हिस्सा दांड्यांनी भरला होता. विक्रेता पुन्हा गावात आला नाही, आणि पुडीवर ना नाव ना गाव. मुलीचे लग्न त्या पिकावर ठरले होते. ते एक वर्ष पुढे ढकलावे लागले. बियाची पुडी दिसते लहान, पण तिच्या पोटात घरातील काय काय असते, हे अशा वेळी कळते.

लावणीसंबंधी फार बोलत नाही, कारण ती आपणांस ठाऊक आहे. उत्तम निचऱ्याची जमीन, दोन फुटांवर सरी, दोन गोटांत एक फूट अंतर, एवढे ठेवले तर एका गुंठ्यात पाचशे चाळीसच्या आसपास गोट बसतात. त्यांचे वजन पस्तीस-चाळीस किलो भरते. एकराचा हिशेब केला तर बारा ते पंधरा क्विंटल गोट लागतात. दांडे उंच होतात आणि वाऱ्याने लोळतात, म्हणून मातीची भर द्यावी. फुलोरा आणि दाणे भरण्याच्या काळात पाण्याचा ताण पडू देऊ नये. करपा आणि फुलकिडे हे या पिकाचे दोन मोठे शत्रू. त्यांचा बंदोबस्त फुले उमलण्यापूर्वीच करावा. फुले उमलल्यावर फवारणी का करू नये, ते आता सांगतो, कारण माझ्या भाषणाचा गाभा तेथेच आहे.

कांद्याचा गोंडा आपण रोज पाहतो, पण जवळून पाहणारे थोडे. एका गोंड्यात शेकडो बारीक फुले असतात आणि ती एकदम उमलत नाहीत. दोन ते चार आठवडे उमलण्याचा क्रम चालतो. प्रत्येक फुलात सहा पुंकेसर आणि मध्ये एक स्त्रीकेसर. निसर्गाची योजना अशी की, पुंकेसरांतील पराग आधी झडून जातात आणि त्यानंतर स्त्रीकेसर पराग घेण्यास योग्य होतो. म्हणजे त्या फुलाचा पराग त्याच फुलास उपयोगी पडत नाही. तो दुसऱ्या फुलावरूनच यावा लागतो. हे ने-आण करण्याचे काम मुख्यतः मधमाशी करते. आपल्याकडील आग्या, सातेरी, फुलोरी आणि ती इवलीशी पोयाची माशी, या सर्व त्या कामास लागतात. एका फुलात अधिकात अधिक सहा बिया धरू शकतात. प्रत्यक्षात किती धरतील, ते माश्यांच्या फेऱ्यांवर अवलंबून असते.

यात एक अडचण आहे. कांद्याच्या मकरंदात पोटॅशियमचे प्रमाण अधिक असते, आणि त्यामुळे मधमाशीला तो फारसा रुचत नाही, असे शास्त्रज्ञांना आढळले आहे. शेजारी दुसरे गोड फूल असले की ती तिकडे जाते. म्हणजे मुळातच जी पाहुणी नाखुशीने येते, तिच्या अंगावर आपण विषारी औषध फवारतो! आणि मग गोंडे पोकळ निघाले की खताला व हवेला दोष देतो. ऐन फुलोऱ्यात कीटकनाशक फवारणे म्हणजे आपल्या शेतावर बिनमजुरीने राबणाऱ्या गड्यांना मारून टाकणे होय. अगदीच गत्यंतर नसेल तर जाणकाराच्या सल्ल्याने, दिवस मावळल्यावर, माश्या पोळ्याकडे परतल्यानंतर फवारावे. शक्य असेल त्याने एकरी दोन मधपेट्या फुलोऱ्याच्या काळात शेतावर ठेवाव्यात. बांधावरील झाडावर आग्यामोहोळ असेल तर मधाच्या लोभाने ते जाळू नये.

आता शेवटची आणि कठीण गोष्ट. मधमाशीला बांध कळत नाही. तिला सातबारा वाचता येत नाही. माझ्या शेतात तांबड्या कांद्याचे डोंगळे आहेत आणि शेजाऱ्याच्या शेतात पांढऱ्याचे, तर ती दोन्हीकडे हिंडणार आणि दोन्ही जातींचा संकर करणार. म्हणून कायद्याने ठरविलेल्या मानकात पायाभूत बियाण्यासाठी दुसऱ्या जातीच्या डोंगळ्यांपासून हजार मीटरचे अंतर सांगितले आहे. हजार मीटर म्हणजे एक किलोमीटर! आपल्यापैकी किती जणांचे शेत चारी दिशांना एक किलोमीटर पसरलेले आहे? दोन-चार एकरांच्या धन्याने हे अंतर आणावे कोठून?

आमच्या गावात घडलेली हकीकत सांगतो. नावे सांगत नाही, आणि ऐकणाऱ्यांनीही ती शोधू नयेत. दोन घरे, बांधाला बांध. एकाने पांढऱ्या कांद्याचे डोंगळे लावले, दुसऱ्याने तांबड्याचे. दोघांनाही बी चांगले मिळाले आणि दोघेही समाधानी झाले. दोष कळला तो वर्षाने. पांढऱ्या कांद्याच्या बियापासून केलेल्या पिकात जागोजागी तांबूस कांदे निघाले. वाळवणाच्या कारखान्यास पांढरा कांदा देण्याचा बेत होता, तो फिसकटला. तांबड्याच्या धन्याला वाटले, आपण बचावलो. पण तसे नव्हते. तांबड्या कांद्यात मिसळलेला पांढरेपणा बहुधा एक पिढी लपून राहतो आणि त्याच कांद्यांचे बी पुन्हा धरले की बाहेर पडतो. तसेच झाले. मग एकमेकांवर आरोप, पाण्याच्या पाळीवरून कुरबुर, आणि शेवटी दोन घरांतले येणेजाणे बंद. तीन वर्षे एका घरच्या हळदी-कुंकवास दुसऱ्या घरची सवाष्ण गेली नाही. अपराध कोणाचाच नव्हता. दोघांनी एकमेकांना लावणीपूर्वी एक शब्द विचारला असता तर हे टळले असते.

अखेर गावातील जाणती मंडळी पारावर बसली. त्यात आपल्या समाजाचे होते तसे इतर समाजांचेही होते. एका वयोवृद्ध तात्यांनी सरळ विचारले, “गुरुजी, माशी जर अर्ध्या कोसावरून येते, तर आम्ही दोघांनीच बोलून काय उपयोग? सगळ्या शिवाराने बोलले पाहिजे.” त्या एका वाक्याने निर्णय झाला. गावाच्या उत्तर शिवारात बियासाठी एकच जात लावावी, दक्षिण शिवारात दुसरी. ओढ्याच्या काठी कोणीही डोंगळे लावू नयेत. आणि ज्याला वेगळी जात धरावयाची असेल त्याने दसऱ्यापूर्वी पारावर येऊन सांगावे. हा करार कागदावर नाही. पण गेली काही वर्षे तो पाळला जात आहे, आणि ती दोन घरे पुन्हा एका पंक्तीस बसू लागली आहेत.

बंधुभगिनींनो, हा आपल्या ज्ञातीचा मेळावा आहे, आणि आपल्या माणसांनी एकमेकांस धरून राहावे हे योग्यच आहे. परंतु कांद्याच्या बियापुरते तरी केवळ आपल्या माणसांशी बोलून भागत नाही. बांधापलीकडचा शेतकरी कोणत्या समाजाचा आहे, हे माशी विचारीत नाही. म्हणून आपल्यालाही विचारता येत नाही. शुद्ध बी हवे असेल तर साऱ्या शिवाराशी सलोखा हवा. दुसरा मार्ग नाही.

संकरित बियांविषयीही दोन शब्द सांगतो, कारण तरुण मंडळी त्याबद्दल विचारतात. सन १९२५ मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथे हेन्री जोन्स या शास्त्रज्ञाला कांद्याच्या पिकात एक असे झाड आढळले की, ज्याच्या फुलांत जिवंत पराग नव्हता. दुसरा असता तर त्याने ते निकामी म्हणून उपटून टाकले असते. जोन्स यांनी ते गोंड्यात आलेल्या लहान कांद्यांपासून वाढवून जपले. ज्या झाडाचा स्वतःचा पराग नाही, त्यावर धरणारे प्रत्येक बी परक्या परागाचेच असणार, म्हणजे संकरित असणार, हे त्यांनी ओळखले. या वंध्यत्वाचा वारसा कसा चालतो, याचा उलगडा जोन्स व क्लार्क यांनी १९४३ मध्ये प्रसिद्ध केला आणि त्यावर संकरित कांद्याची सारी विद्या उभी राहिली. तथापि संकरित कांद्याचे बी घरी धरून उपयोग नसतो. पुढील पिढीत गुण विस्कटतात. घरी बी धरावयाचे असेल तर सरळ, सुधारित जातीच घ्याव्यात.

सुदैवाने अशा जातींची आपल्याकडे वाण नाही. नाशिक जिल्ह्यातील पिंपळगाव बसवंत येथे १९६० च्या सुमारास कांदा सुधारण्याचे पद्धतशीर काम सुरू झाले. आपल्याच शेतकऱ्यांच्या गावठी कांद्यातून निवड करून काढलेली एन-२-४-१ ही उन्हाळी जात टिकाऊपणासाठी आजही नावाजली जाते. बसवंत ७८० या जातीने तर त्या गावाचे नावच धारण केले आहे. महात्मा जोतीराव फुले यांच्या नावाने १९६८ मध्ये स्थापन झालेल्या राहुरीच्या कृषी विद्यापीठाने फुले समर्थ ही जात दिली. केंद्र सरकारची कांदा व लसूण संशोधन संस्था १९९४ मध्ये नाशिक येथे निघाली आणि १९९८ पासून राजगुरुनगर येथे आहे. भीमा शक्ती, भीमा किरण, भीमा सुपर या जाती तिच्या होत. पहिले बी अशा संस्थेतून आणावे आणि पुढे गोट निवडून आपण वाढवावे, हा उत्तम मार्ग.

आता काढणी. गोंड्यातील शेकडा दहा-वीस बोंडे उकलून काळे दाणे दिसू लागले की गोंडा काढण्यास आला असे समजावे. सर्व गोंडे एकदम पिकत नाहीत, म्हणून तीन-चार वेळा तोडणी करावी. आणि ती सकाळच्या गारव्यात करावी, म्हणजे दाणे झडत नाहीत. गोंडे ताडपत्रीवर पसरून वाळवावेत, काठीने हलके झोडपावेत, वारा देऊन साफ करावेत. तापलेल्या सिमेंटच्या अंगणात बी थेट टाकू नये. पूर्ण वाळलेल्या बियात ओलावा शेकडा आठपेक्षा अधिक नसावा. हवाबंद डब्यात ठेवावयाचे असेल तर सहापेक्षा अधिक नसावा. बियातील ओलावा शेकडा एकाने कमी झाला तर त्याचे आयुष्य सुमारे दुप्पट होते, असा बीजशास्त्रातील ठोकताळा आहे. आजीच्या गाडग्यातील राख तो ओलावाच शोषून घेत होती. कांद्याचे बी अल्पायुषी आहे. साध्या हवेत ते वर्षभराने झपाट्याने मरू लागते. म्हणून गेल्या वर्षीचे उरलेले बी डोळे मिटून पेरू नये.

त्याची परीक्षा घरातील शाळकरी मूलही घेऊ शकते. शंभर दाणे मोजावेत, ओल्या फडक्यावर ओळीने मांडून गुंडाळावेत, फडके ओलसर ठेवावे, आणि बाराव्या दिवशी उगवलेले दाणे मोजावेत. सत्तर किंवा अधिक उगवले तर बी कायद्याच्या मानकास उतरले. पन्नास उगवले तर बी दीडपट टाकण्यापेक्षा ते टाकूच नये, हे बरे. कारण जे उगवले तेही अशक्तच असते.

विकत बी घेणाऱ्यांनी पुडीवरील खूण पाहावी. पायाभूत बियाण्यास पांढरी आणि प्रमाणित बियाण्यास निळी खूणचिठ्ठी असते. पावती मागून घ्यावी, आणि पुडी व थोडे बी हंगाम संपेपर्यंत जपून ठेवावे. तक्रारीच्या वेळी तोच पुरावा असतो. घरचे बी धरण्यास, शेजाऱ्यास देण्यास किंवा विकण्यास कायद्याची आडकाठी नाही. २००१ च्या कायद्याने हा हक्क शेतकऱ्यास स्पष्ट दिला आहे; फक्त संरक्षित जातीचे बी स्वतःचा छाप मारून विकता येत नाही.

सन २०२० ची आठवण आपणांस असेलच. पावसाने रोपे सडली, लोक दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा उळे शोधू लागले, बियाचे भाव आभाळाला भिडले, आणि ऑक्टोबरच्या अखेरीस केंद्र सरकारला कांदा बियाच्या निर्यातीवर बंदी घालावी लागली. त्या वर्षी ज्यांच्या घरी डब्यात चार किलो बी होते, ती माणसे निश्चिंत होती. किती जमीन लागते त्यासाठी? हवामान व माश्या अनुकूल असतील तर एकरी दोन ते तीन क्विंटल बी निघते. म्हणजे गुंठ्यास पाच ते सात किलो. एवढ्या बियात दीड एकर कांदा होतो. एकच गुंठा, बंधूंनो! मात्र पाच-पंचवीस गोटांवर बी धरू नये. थोड्याच कांद्यांत आपसांत संकर होत राहिला तर वंश क्षीण होतो. निदान दोन-तीनशे गोट तरी असावेत. आणि गारपिटीचा धोका सर्वांनाच आहे. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपीट कोणी विसरलेले नाही. म्हणून सगळे बी एकाच घरी, एकाच शेतात न ठेवता चार घरांत वाटून धरावे.

अध्यक्षमहाराज, माझा वेळ संपत आला आहे. तीन विनंत्या करतो. पहिली, प्रत्येक गावातील आपल्या बांधवांनी येत्या दसऱ्यापूर्वी शिवारातील सर्व शेतकऱ्यांना, कोणत्याही समाजाचे असोत, एकत्र बोलावून कोणत्या भागात कोणत्या जातीचे डोंगळे लावावयाचे ते ठरवावे. दुसरी, जानेवारी ते मार्च या फुलोऱ्याच्या काळात विषारी फवारणी न करण्याचा निश्चय गावाने मिळून करावा. तिसरी विनंती भगिनींना आहे. चाळीतील कांदा निवडण्याचे काम बहुतांशी आपल्याच हातांनी होते. त्या हातांना टणक आणि पोचट यांतील भेद जितका कळतो, तितका आम्हा पुरुषांना कळत नाही. आपल्या घरचे गोट आपण निवडा, आणि निवडताना शेजारी मुलीला व सुनेला बसवा. गाडगे गेले तरी चालेल. ती पारख जाता कामा नये.



जय हिंद, जय महाराष्ट्र.